शिरपाची शेळी

“पट्ट्या सुटेपर्यंत इथं कुणी खोकायचं नाही, शिंकायचं नाही, खाली वाकायचं नाही, रडायचं नाही. आणि हसायचं तर मुळीच नाही. टाके तुटले तर मला पुन्हा बोलवू नका,” डॉक्टर हर्डीकरांनी दम भरला.

“मग जित्तं ऱ्हायाचं का त्ये बी न्हाई?” पलीकडच्या खाटेवरून हौसामावशीनं विचारलं.

हॉलभर खसखस पिकली. ते वाक्य जणू मीच बोलले होते, अशा नजरेनं डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं आणि ते तणतणत निघून गेले.

हिंगणवाडीतलं मोतीबिंदूचं शिबिर होतं ते. मी तेव्हा कऱ्हाडला नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होते. दिवाळीच्या सुट्टीत शाळेच्या हॉलमध्ये खाटा मांडलेल्या. एका अंगाला पुरुष, दुसऱ्या अंगाला बायका, मधे सतरंजीचा पडदा. त्या काळी ऑपरेशन एका डोळ्याचं असलं तरी पट्टी दोन्ही डोळ्यांना बांधत, कारण एक हलला की दुसराही हलतो. त्यामुळे तो पडदा नेमका कुणासाठी लावला होता, हे लावणाऱ्यालाच ठाऊक. दिवसपाळीला मी एकटीच असायचे. आमच्या मेट्रननं मला मुद्दाम तिथं धाडलं होतं. “या कुंदाचं तोंड एक क्षण गप्प नसतं. पाठवा तिला खेड्यात, तिथले म्हातारे तिला पुरून उरतील,” असं तिचं म्हणणं.

पण डोळे बांधून उताणं पडलेली माणसं किती बोलणार? सुना झाल्या, पाऊस झाला, ऊस झाला, दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत सगळे विषय संपले. तिसऱ्या दिवशी सकाळी आत्माराम पैलवानानं फर्मान सोडलं, “बाई, येष्टीनं पेपर येतो न्हवं हेडमास्तरचा? वाचा की. कुठं कुस्त्या हायत का बघा.”

कुस्त्या कुठंच नव्हत्या. मी मंत्र्यांची भाषणं वाचली, कालव्याचं उद्घाटन वाचलं. पैलवानाचं घोरणं ऐकू यायला लागलं तेव्हा मी गुपचूप शेवटचं पान उलटलं. लहानपणापासूनची माझी खोड ती. आमच्या घरी पेपर आला की आधी शेवटचं पान, खालचा कोपरा. तिथं तीन चौकटींत शिरपा आणि त्याची शेळी रोज काहीतरी करत असत. एक अक्षर नसे त्यात. त्या दिवशीचं पाहिलं आणि मला फिस्सकन हसू आलं.

“काय झालं गं पोरी?” हौसामावशीचे कान तिखट.

“काही नाही मावशी, चित्र आहे. शिरपा म्हणून एक माणूस आहे, त्याची शेळी…”

शेळी म्हटल्याबरोबर मावशी उठायला निघाली. मी धावत जाऊन तिला आडवं केलं. मावशीचं सगळं घरदार म्हणजे तिची शेरडं. ती ऑपरेशनला तयार झाली तीसुद्धा त्यांच्यापायीच. “शेजारणीचं शेरडू माझ्यात शिरलं तरी वळखू येईना, मग म्हनलं आता फोडा डोळा,” असं तिनं डॉक्टरांना सांगितलं होतं.

“सांग की, काय केलं शेळीनं?”

“शिरपानं वांग्यांना कुंपण घातलं आणि शेळी आतच राहिली आणि आता ती वांगी खातेय आणि हसतेय,” मी एका दमात सांगून टाकलं.

“हां,” मावशी म्हणाली. कुणीतरी जांभई दिली.

“शेळी हसत नाही.”

आवाज पुरुषांकडच्या कोपऱ्यातल्या खाटेवरून आला. तीन दिवसांत त्या खाटेवरून आमटीत मीठ कमी असल्याच्या तक्रारीशिवाय काही आलं नव्हतं. केसपेपरवर नाव होतं उकिडवे, दामोदर. काडीसारखा माणूस, बहिणीचं गाव म्हणून या शिबिरात आलेला.

“हसतेय की,” मी म्हणाले. “समोर दिसतंय मला.”

“नीट बघा. ती नुसती बघतेय. ती कधी हसलेली नाही.”

“तुम्ही पाहिलंय का आजचं?”

“डोळे बांधल्यावर कसं पाहणार? मी काढलंय ते.”

मी पेपर डोळ्यांजवळ नेला. चौकटीच्या कोपऱ्यात बारीकशी सही होती, ‘दा. उ.’ इतकी वर्षं मी ती सही गवताची काडी समजत होते. आणि शिरपा काढणारा माणूस म्हणजे कुणीतरी गोलमटोल, पान खाऊन खो खो हसणारा गृहस्थ असणार, अशी माझी खात्री होती. हे तर मिठाची तक्रार करणारे उकिडवे निघाले.

“पुन्हा सांगा,” ते करड्या आवाजात म्हणाले. “सगळं एका घासात गिळू नका. तीन चौकटी आहेत ना? तीनदा सांगा. आणि दुसरीनंतर थांबा.”

“किती थांबू?”

“चहा गाळायला लागतो तेवढं.”

मला राग आला होता, पण मी पुन्हा सुरू केलं. “पहिली चौकट. रणरणतं ऊन. शिरपा खांब रोवतोय. वांग्यांच्या वाफ्याला चहूकडून कुंपण. घामानं निथळलाय बिचारा.”

“घालायलाच पायजे,” पैलवान म्हणाले. ते जागे झाले होते.

“दुसरी चौकट. कुंपण पुरं झालं. फाटकाला कडी घातली. शिरपा कमरेवर हात ठेवून बाहेर उभा आहे, असा खूश, की जणू गड जिंकला.”

आणि मी थांबले. कुणाची तरी खाट करकरली. बाहेर नळ गळत होता.

“आन शेळी?” मावशीनं हळूच विचारलं. “आगं, शेळी कुठं हाय?”

तरी मी थांबलेच. मग म्हणाले, “तिसरी चौकट. शेळी आत आहे. तोंडात वांगं. आणि ती आपल्याकडे बघतेय.”

असा स्फोट झाला म्हणता! पैलवान खाटेवर हात आपटून हसत होते, मावशी “आगं माझ्या बया” करत होती, पडद्याच्या दोन्ही अंगांनी खाटा नाचत होत्या. डॉक्टर हातातला चहा सांडत धावत आले. त्यांनी एकेकाची पट्टी तपासली आणि मला व्हरांड्यात नेऊन असं झाडलं की विचारू नका.

दुसऱ्या दिवशी पेपर आला तेव्हा मी शहाण्यासारखी गप्प बसले. पण गप्प बसू देतंय कोण! शेवटी पैलवानांनी डॉक्टरांनाच गाठलं. “डाक्टर, शेळीचं ऐकलं न्हाई तर आमी दिवसभर त्याच्यावरच इचार करनार, आन डोक्याला तान दिऊ नका म्हनलाय तुमीच.” डॉक्टरांनी तोड काढली. ऐकायचं, पण हसायचं तोंड मिटून, पोट न हलवता. त्या दिवसापासून आमच्या हॉलमध्ये हसणं म्हणजे नाकातून नुसतं ‘हुं हुं हुं’. आणि पेपरच्या वेळेला डॉक्टरांना नेमकी दारापाशी काहीतरी तपासणी निघायची.

चित्र सांगून झालं की उकिडव्यांची उलटतपासणी सुरू व्हायची. त्यांचं नाव कुणी घेत नसे. ते ‘शेळीवाले’ झाले होते.

“ओ शेळीवाले, शेळी काळी का पांढरी?” मावशी.

“पांढरी.”

“आमच्याकडं तर समद्या काळ्या.”

“काळी केली तर तिचा डोळा दिसणार नाही बाई. माझा सगळा खेळ त्या डोळ्याचा आहे. एक टिंब. वर गेलं की शेळी हसते, खाली गेलं की रडते. मधे ठेवलं की नुसती बघते. मग हसायचं काय ते लोकांनी हसायचं.”

“येवढ्या येका टिंबासाठी दिवस घालवता?”

“कधीकधी दोन.”

मावशीला ते पटलं. शेरडं राखणाऱ्या बाईला दिवस कशात जातो, हे कुणी सांगायला नको.

बुधवारी दुपारी मी उकिडव्यांना मऊ भात भरवत होते. सकाळचं चित्र चांगलंच रंगलं होतं. मी खुशीत म्हणाले, “बघा, सगळा हॉल तुमच्यावर फिदा आहे.”

“तुमच्यावर,” ते म्हणाले.

“माझ्यावर कशाला?”

“तुम्ही सांगता, ते हसतात. चित्र पाहिलंय कुणी? उद्या तुम्ही भाजीचे भाव तसे थांबून थांबून सांगितलेत, तरी हसतील.”

“थांबायला तुम्हीच शिकवलंत.”

त्यांनी भाताचा घास नीट चावून गिळला. “सिस्टर, तीस वर्षं मी खोलीत बसून काढतो. पाकिटात घालून एसटीच्या कंडक्टरकडे देतो. दुसऱ्या दिवशी छापून येतं. ते बघून कुणी हसलं, का नुसतं पान उलटलं, का त्यात भजी बांधली, मला काय ठाऊक? तीस वर्षांत चित्र बघताना हसणारा माणूस मी एकदाही पाहिलेला नाही. बायको हसायची, पण ती बायको होती.”

“आम्ही घरी रोज बघायचो. भांडायचो त्यावरून.”

“तुम्ही आता सांगताय.” ते जरासे हसले, तोंड मिटून, नियमाप्रमाणे. “असो. शनिवारी संपतंय ते.”

“काय संपतंय?”

“शिरपा. शेळी विकतो आणि संपतं. संपादकांना त्या जागेत गुळाचे भाव छापायचेत. काढून झालंय सगळं, कचेरीत देऊन आलोय.”

माझ्या हातातला चमचा तसाच राहिला. शिरपा संपू शकतो, हे माझ्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. रविवार संपतो, पगार संपतो, पण शिरपा?

“तुम्ही भांडला नाहीत?”

“कशाच्या जोरावर? गूळ लोक विकत घेतात. गुळाचा भाव चुकला तर दहा माणसं कचेरीत येऊन शिव्या देतात. शेळी एक दिवस आली नाही तर कोण येणार आहे?”

“मी येईन.”

“तुम्ही इथं कुणाला सांगू नका म्हणजे झालं,” ते म्हणाले. “आणि आमटीत मीठ घाला.”

मी कुणाला सांगितलं नाही. माझ्यासारखीनं दोन दिवस एवढी मोठी गोष्ट पोटात ठेवली, हे मेट्रनला सांगितलं असतं तर तिनं माझा सत्कार केला असता.

शुक्रवारचं चित्र सांगायला माझी जीभ रेटेना. पण हॉल कान टवकारून पडला होता.

“पहिली चौकट. शिरपा बोडका उभा आहे. त्याचा पटका शेळीच्या तोंडात. अर्धा खाऊन झालाय.”

‘हुं हुं’ सुरू झालं.

“दुसरी चौकट. शिरपानं शेळीच्या गळ्यात दावं अडकवलं. भयंकर चिडलाय.” मी थांबले. या खेपेला मला थांबायची हौस नव्हती, पुढचं सांगवत नव्हतं म्हणून थांबले. “तिसरी चौकट. दोघं रस्त्यानं चालली आहेत. पाटी आहे. आठवडी बाजार.”

कुणीच हसलं नाही.

“इकाय काढली व्हय?” मावशी म्हणाली.

“तसं दिसतंय.”

“येका पटक्यापायी? आगं, पटका तर नवा घेता यील. ओ शेळीवाले! झोपलाय का?”

उकिडवे गाढ झोपेत असल्यासारखे पडून होते. इतकी सरळ झोप मी शिबिरात दुसऱ्या कुणाची पाहिली नाही.

“शेळीवाले, मी घेतो ती,” पैलवान म्हणाले. “बोला. ऱ्हाऊ द्या माझ्याकडं, शिरपाचा राग गेला की निऊ दे परत.”

“उद्याचं उद्या बघू,” झोपेतले उकिडवे म्हणाले.

मावशीच्या पट्टीखालून पाणी आलं. मी हबकले. “मावशी, रडायचं नाही! टाके आहेत!”

“मी कुठं रडतिया? ती शेळी न्हाई का गं बघत असंल त्याच्याकडं, बाजारात उभी ऱ्हाऊन.”

त्या दिवशी डॉक्टरांनी उकिडव्यांना झाडलं. “अहो, निदान पट्ट्या सुटेपर्यंत तरी थांबायचं होतं!” डॉक्टर स्वतःसाठीच रागावले होते, असा मला आजही संशय आहे.

शनिवारी पट्ट्या सोडायच्या होत्या. पेपर एसटीनं लवकर आला आणि मी व्हरांड्यातच तो उघडला. शेवटचं पान, खालचा कोपरा. पहिल्या चौकटीत बाजार. शिरपा आणि व्यापारी समोरासमोर, मधे शेळी आणि दोघांचेही हात तिच्या गळ्याशी. दुसऱ्या चौकटीत शिरपा रस्त्यानं चाललाय, एकटा, पूर्ण पाठमोरा, खांद्यावर रिकामं दावं. जनावर विकलं तरी दावं कुणी देत नाही, ते परत घरी आणायचं, ही आपल्याकडची रीत. तिसऱ्या चौकटीत शिरपा दारात बसलाय. खुंटा मोकळा. दावं मांडीवर. आणि तो आपल्याकडे बघतोय. डोळ्याचं टिंब अगदी मधे. इतकं सुंदर चित्र त्यांनी कधी काढलं नसेल. मला ते फाडून टाकावंसं वाटलं.

आत डॉक्टर एकेकाची पट्टी सोडून शिबिराचे जाड भिंगांचे चष्मे चढवत होते आणि बोटं नाचवून “किती?” विचारत होते. उकिडव्यांची पट्टी सुटली होती. त्या चष्म्यातून त्यांचे डोळे बशीएवढे दिसत होते आणि मी कशी दिसते ते पाहून त्यांची निराशा झाली असावी, कारण ते काही बोलले नाहीत. पडदा काढून टाकला होता. त्यांच्या समोरच्याच खाटेवर मावशी बसली होती.

“किती बोटं, आजी?” डॉक्टरांनी विचारलं.

“बोटं ऱ्हाऊ द्या. पेपर आला का?”

सगळ्यांची तोंडं माझ्याकडे वळली; काहींच्या अजून पट्ट्या होत्या, तरीही. मी पेपर पाठीमागे धरला. “आला आहे, पण आज…”

“तू सांगू नगंस,” मावशी म्हणाली. “लई सांगितलंस. आज मी माझ्या डोळ्यांनी बघनार.”

मी उकिडव्यांकडे पाहिलं. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. “द्या त्यांना,” ते म्हणाले. “बघू दे.”

मी घडी घालून, कोपरा वर करून पेपर मावशीच्या हातात दिला. तिनं तो लांब धरला, जवळ आणला, पुन्हा लांब धरला. जन्मात तिनं पेपर हातात घेतला नव्हता. अक्षरांच्या गर्दीतून तिची नजर फिरत फिरत चित्रावर आली आणि थांबली. उकिडवे चित्राकडे बघतच नव्हते. ते मावशीच्या तोंडाकडे बघत होते.

“काय हाय?” पट्टीतले पैलवान कळवळून म्हणाले. “कुनी तरी सांगा की!”

“गप. सांगते.” मावशीनं एक बोट कागदावर टेकवलं. “ह्यो शिरपा. दारात बसलाय. खुंटा मोकळा हाय. शेळी न्हाई. दावं घिऊन बसलाय मांडीवर. तोंड बघा कसं केलंय मेल्यानं! इकली न्हवं? आता बस!”

माझ्या लक्षात आलं आणि मी तोंड उघडलं. मावशी शेवटच्या चौकटीपासून सुरू झाली होती. ज्याला अक्षर ठाऊक नाही त्याला डावीकडून उजवीकडे जायचं, हे कुणी शिकवलेलं असतं? एकटा माणूस तिच्याकडे बघत होता, म्हणून तिनंही आधी त्याच्याकडे पाहिलं.

“मावशी, अहो, तिकडून नाही…” मी म्हणायला लागले, तोच माझं मनगट कुणीतरी घट्ट पकडलं. उकिडवे होते. काडीसारख्या माणसात एवढा जोर कुठून आला होता कोण जाणे.

“गप,” ते ओठांतल्या ओठांत म्हणाले.

मावशीचं बोट मधल्या चौकटीवर सरकलं. “उठला. निघाला रस्त्यानं. पाठ हाय हिकडं. दावं टाकलंय खांद्यावर.” तिच्या कपाळावर आठी पडली. “दावं घिऊन कुठं रं निघालाय?”

आणि ती थांबली. कुणी तिला सांगितलं नव्हतं थांबायला. नळ गळत होता, डॉक्टरांच्या हातातली पट्टी अर्धी सुटून लोंबत होती, उकिडव्यांची बोटं माझ्या मनगटात रुतत होती, आणि मावशी त्या रिकाम्या दाव्याकडे बघत होती. तिला काय दिसतंय ते मला आत्ता कुठं समजलं. रिकामं दावं खांद्यावर टाकून बाजाराला कोण जातं? जो जनावर आणायला जातो, तो.

मावशीचं बोट पहिल्या चौकटीवर गेलं.

“आगं माझ्या बया!” ती किंचाळली. “आनली! परत आनली! ही बघा, त्या यापाऱ्याकडनं काढून घेतोय! दावं लावतोय तिला! आन ती बघतिया कशी, ती बघतिया कशी बघा!”

ती हसली. बोळकं तोंड सताड उघडं टाकून, खांदे हलवत, पेपर छातीशी धरून, मग पुन्हा लांब धरून, शेळीचं तोंड बघून पुन्हा हसली. माझा एक शब्दही मधे नव्हता. तिच्यात आणि त्या कागदात कुणीच नव्हतं. पैलवान पट्टीतूनच टाळ्या पिटायला लागले, “शाब्बास रे शिरपा!” सगळा हॉल हसत होता आणि आज डॉक्टरही कुणाला आवरत नव्हते. ते मावशीच्या खांद्यावरून वाकून चित्र बघत होते.

उकिडव्यांच्या चष्म्याखालून पाणी वाहत होतं. “रडायचं नाही,” मी म्हणाले.

“सिस्टर, त्या हसल्या तेव्हा तुम्ही काही बोललात का?”

“तुम्ही बोलू कुठं दिलंत?”

त्यांनी मान हलवली, कितीतरी वेळ. मग मावशीकडून पेपर मागून घेतला आणि स्वतःचंच चित्र त्यांनी मावशीच्या वाटेनं पाहिलं, दारापासून बाजारापर्यंत.

“बरोबर आहे,” ते म्हणाले. “मलाच कळलं नव्हतं.”

मग ते उठले. डॉक्टर “अहो, अहो” म्हणेपर्यंत भिंतीला धरत धरत हेडमास्तरांच्या खोलीत पोचले, आणि मी नंबर फिरवून दिला. टेलिफोनवर ते ज्या आवाजात बोलले तो हॉलच्या शेवटच्या खाटेपर्यंत ऐकू गेला असणार.

“साहेब, गुळाला दुसरीकडे जागा बघा… हो, शनिवारीच संपतंय असं मीच म्हणालो होतो… नाही, संपलेलं नाही. शेळी परत आलीय… मला काय विचारता, मी नाही आणली!… काढेन. हळूहळू काढेन, वाकडं येईल थोडे दिवस. कोपरा मोकळा ठेवा… मग गूळ वर छापा, साहेब! कोपरा माझा आहे.”

तीस वर्षांत हा माणूस संपादकाशी एवढं बोलला नसावा. पलीकडून काय उत्तर आलं ते मला ऐकू आलं नाही, पण फोन ठेवताना ते हसत होते, चांगलं तोंड उघडून.

दुपारच्या एसटीला मी सगळ्यांना सोडायला गेले. पैलवानांना त्यांचा मुलगा घेऊन गेला. मावशी गाडीत खिडकीपाशी बसली होती, जाड भिंगांतून दिसेल त्या प्रत्येक शेरडाची पारख करत. उकिडवे नेमके तिच्याच शेजारी जाऊन बसले.

“बाई,” ते जरा अदबीनंच म्हणाले, “पेपर मिळेल का तुमच्या गावात? सोमवारी बघाल?”

“आता काय बघायचं?” मावशी म्हणाली. “आली की शेळी घरला.”

उकिडव्यांचा चेहरा पडला. मी खिडकीखाली उभी होते, मला हसावं का रडावं कळेना. कंडक्टरनं घंटी मारली. मावशी खिडकीबाहेर बघता बघता एकदम त्यांच्याकडे वळली.

“आवं शेळीवाले, पर पटका तर अर्धा खाल्लाय तिनं. त्यो बोडकाच हिंडनार हाय का? फुडं काय?”

“पुढं?” उकिडवे गडबडले. “पुढचं मला अजून सुचलेलं नाही.”

“मग सुचवा की! सोमवार काय लांब न्हाई,” मावशी म्हणाली, आणि गाडी निघाली.